लाल शाईचा शब्द

पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता फुटतो. तिथेच आमचे घर. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने मराठी निबंधात लिहिले, 'गावाने अब्बांना नवाजले.' आम्ही लाल शाईने खोडले, 'हे उर्दू. मराठी लिही.' त्यानंतर तिच्या निबंधांत अब्बा आलेच नाहीत.

पुढे एकदा 'बदलणे' हे क्रियापद शिकवत होतो. मूळ अरबी 'बदल', म्हणजे एकाच्या जागी दुसरे. त्याला मराठी 'णे' लागले आणि शब्द घरचा झाला. कपडे बदलतात, मन बदलते, शिक्षकाची बदली होते. 'कबूलणे', 'खर्चणे', 'फर्मावणे' याच वाटेने आले. आणि 'नवाजणे'ही, फारसीतून. 'पुरस्काराने नवाजले' असे मराठी वर्तमानपत्रे छापतातच की! मग तो शब्द आमच्याच मुलीच्या वहीत आम्हाला परका का वाटला? उर्दू, मराठी दोन्ही शिकवणाऱ्या आम्हाला?

दुसऱ्या दिवशी वही मागवली. वर्गासमोर सांगितले, "चूक आमची होती."

ती हळूच म्हणाली, "सर, मग मार्क बदलणार?"

आम्ही बदलले. पुढच्या निबंधात अब्बा परत आले.