बचावफळीच्या पुढची जागा

1989 मध्ये रियाधला आणि 1991 मध्ये लिस्बनला फुटबॉलचा युवा विश्वचषक जिंकणाऱ्या पोर्तुगीज खेळाडूंना ‘सुवर्णपिढी’ म्हटले जाते. त्यांतील पहिल्या संघातले, विसेऊचे पाउलो सोझा यांचे काम नजरेत भरणारे नव्हते. बचावफळीच्या लगेच पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्याची चाल तोडायची आणि मिळालेला चेंडू एक-दोन स्पर्शांत सहकाऱ्याकडे पोचवायचा, ही बचावात्मक मध्यरक्षकाची कामगिरी असते. त्याला धावण्यापेक्षा थांबणे अधिक कळावे लागते, कारण तो हलला की मागचे बचावपटू उघडे पडतात.

मैदानावर जागा न सोडणाऱ्या या खेळाडूने मैदानाबाहेर मात्र एकही जागा फार काळ धरली नाही. 1993 च्या उन्हाळ्यात त्यांचा क्लब बेन्फिका आर्थिक अडचणीत असताना ते करार मोडून थेट स्पोर्टिंगकडे, म्हणजे लिस्बनमधल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे गेले. पुढे इटलीच्या युव्हेंटसबरोबर 1996 मध्ये रोमला त्यांनी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली. आणि वर्षभरातच म्युनिकच्या अंतिम सामन्यात त्याच युव्हेंटसला 3-1 ने हरवणाऱ्या जर्मनीच्या डॉर्टमुंड संघात ते होते. त्या सामन्यात युव्हेंटसच्या झिदानला जखडून ठेवण्याचे काम सहकारी पॉल लॅम्बर्टकडे होते, त्यामुळे सोझांना चेंडू खेळवायला मोकळीक मिळाली. त्यानंतरची वर्षे गुडघ्याच्या दुखण्याने खाल्ली; इंटर, पार्मा, पॅनाथिनाइकोस, एस्पान्योल असा प्रवास करत 2002 मध्ये, वयाच्या बत्तिशीच्या आतबाहेर, ते थांबले.

खेळाडू म्हणून झालेल्या या भटकंतीचे कारण बऱ्याच अंशी शरीरात सापडते. प्रशिक्षक म्हणून झालेल्या भटकंतीचे सापडत नाही. इंग्लिश लीगमधील तीन क्लब, मग हंगेरी, इस्रायल, स्वित्झर्लंड असे देश त्यांनी पालथे घातले, मक्काबी तेल अवीव आणि बाझल यांना राष्ट्रीय लीगही जिंकून दिली. 2015 च्या शरदात त्यांचा फिओरेंटिना संघ इटलीच्या गुणतक्त्यात काही काळ अव्वल होता. चेंडू मागून संयमाने बांधत पुढे नेण्याची ती शैली त्यांच्या जुन्या कामाचीच वाढ होती, आणि त्यांच्या प्रशिक्षकपदाचा कस पाहायचा तर चषकांपेक्षा तोच हंगाम पाहावा.

त्याउलट, 2021 च्या अखेरीस विश्वचषकाचे पात्रता-प्लेऑफ तीन महिन्यांवर असताना पोलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सोडून ब्राझीलच्या फ्लामेंगोकडे जाणे पोलिश चाहत्यांच्या जिव्हारी लागले, आणि ते समजण्याजोगे होते. फ्लामेंगोनेही त्यांना सहा महिन्यांत निरोप दिला. पुढे दुबईच्या शबाब अल-अहलीबरोबर त्यांनी 2024-25 ची अमिराती लीग जिंकली.