पालथ्या मडक्यावर पाणी

डिसेंबर सरत आला की पनवेलच्या उरण नाक्याच्या बाजारात दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात: वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याच्या जुड्या. शेंगांचं कुणाला नवल नाही. त्या पाल्यापाशी मात्र माणसं थबकतात. खारघर-कामोठ्याला अलीकडेच राहायला आलेली कुटुंबं जुडी उचलून नाकाशी नेतात आणि विचारतात, याची भाजी करतात का? भाजी करत नाहीत. भांबुर्डा हे तण. भात कापून झालेल्या शेतात, बांधावर, रस्त्याच्या कडेला ते आपसूक उगवतं आणि एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. थंडीचे दोन-अडीच महिने तेवढा त्याला भाव येतो, कारण त्याच्यावाचून पोपटी होत नाही.

देशावर हुरडा, तशी रायगडात पोपटी. पनवेल, उरण, पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात वालाच्या शेंगा भरल्या की गावोगाव रात्री शेकोट्या दिसू लागतात. तोंडाशी निमुळतं, पोटाशी फुगीर असं मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्डा दाबून बसवायचा. त्यावर शेंगांचा थर, मग मूठभर जाडं मीठ आणि ओवा. मग अंडी, चिरा दिलेले बटाटे, रताळी, कोनफळाचे तुकडे. मसाला चोळलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून मधोमध. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ. शेवटी मडक्याचं तोंड भांबुर्ड्याने गच्च भरून टाकायचं, इतकं की मडकं उलटं केलं तरी आतलं काही खाली येऊ नये. कारण ते उलटंच करायचं असतं. मोकळ्या जमिनीवर मडकं पालथं घालायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायच्या.

यात पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्याची वाफ होते. मडक्याचं तोंड जमिनीकडे आणि पाल्याने बंद, त्यामुळे वर चढलेली वाफ बुडाशी अडते आणि सगळं आपल्याच रसात शिजतं. जाळ पाऊण तासापर्यंत चालतो. झाकण उघडून डोकावायची सोय नसते, म्हणून जाणता माणूस हात ओला करून तापल्या मडक्यावर चार थेंब शिंपडतो. पाणी चर्रकन उडून गेलं की पोपटी झाली. दिसायला एवढंसं, पण थेंब किती वेळ टिकला आणि आवाज कसा आला, यावरून आतल्या शेंगा करपायला लागल्यात की अजून हिरवट आहेत, हे ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. हे ज्ञान कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात उतरवता येईल असं मला वाटत नाही. ते जाळाजवळ बसूनच मिळतं.

मडकं उघडलं की पहिल्यांदा येतो तो भांबुर्ड्याचा वास. ओव्याच्या जवळचा, किंचित औषधी, धुराने मऊ झालेला. शेंगा सोलायच्या नसतात. अख्खी शेंग दातांत धरून ओढायची, दाणे आत राहतात, टरफल हातात. सालीवर लागलेलं मीठ जिभेला लागतं आणि मग त्या दाण्याची पिठूळ गोडी. कोंबडी चांगलीच होते, अंड्यांना धुराचा रंग चढतो, पण माझं मत विचाराल तर पोपटीचा जीव शेंगांत आहे. कोंबडी नंतर आली असावी असं वाटतं. मडकं भरण्याच्या पद्धतीतच ते दिसतं: शेंगा काढून टाका, पोपटी उरत नाही, कोंबडी काढून टाका, काही बिघडत नाही.

गुजरातेत वलसाडकडे उबाडियूही असंच पालथ्या मडक्यात करतात. पापडीच्या शेंगा, कंद, हिरवा मसाला आणि तिकडचा सुवासिक पाला. म्हणजे किनारपट्टीवर बऱ्याच उत्तरेपर्यंत थंडीतल्या शेंगांना लोकांनी हाच न्याय दिला. पण आपल्याकडच्या पोपटीची एक गोष्ट मला मोलाची वाटते. ती जवळजवळ पूर्ण एका शेतातून येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापलं की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला पाणी द्यावं लागत नाही. ओल आणि दव पुरतं. भांबुर्डा त्याच शेताच्या बांधावर. पेंढा त्याच भाताचा. मीठ खाडीकडच्या आगरांतलं, आणि ज्या आगरी घरांतून पोपटी सगळ्यात हौसेने लागते त्यांचं त्या मिठागरांशी पिढ्यांचं नातं. दुकानातून आणायचं म्हणजे मडकं आणि ओवा. हा पदार्थ करायला शेत लागतं, हे वाक्य मला अक्षरशः म्हणायचं आहे.

आणि पनवेलात शेतं उरली आहेत किती? १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. ते दिवस जानेवारीचे होते, वालाच्या शेंगांचे. पुढे खारघर, कामोठे, कळंबोली उभी राहिली. १८५२मध्ये स्थापन झालेली पनवेलची जुनी नगरपालिका २०१६मध्ये महानगरपालिका झाली. ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं, गावं उठून दुसरीकडे वसली. शहर वाढू नये असं मी म्हणत नाही. इथल्या मुलांना काम हवं आहे, आणि मी स्वतः अशाच एका इमारतीत राहते. पण ज्या जमिनीवर ही इमारत आहे तिथे एकदा भात आणि भातामागून वाल येत होता, हे ठाऊक असणं ही माझी जबाबदारी आहे असं मी मानते. जेवणातून ती निभावता येते, ही माझ्या शहराची कृपा.

बाहेरच्यांना पनवेल ठाऊक असतं ते वाटेवरचा थांबा म्हणून. हे आजचं नाही. १८३०मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाला तेव्हा पुण्याला जाणारे लोक मुंबईहून गलबतात बसत, खाडीतून पनवेल बंदरात उतरत आणि इथून गाडीने घाटाची वाट धरत. १८६३मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली, ती कर्जतवरून. वर्दळ तिकडे वळली. आता पुन्हा सगळे रस्ते इथे येऊन मिळाले आहेत. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ इथूनच निघतो. गणपतीला कोकणात जाणारी अर्धी मुंबई पळस्प्याला दत्त स्नॅक्ससमोर गाडी लावते, वडा-मिसळ खाते आणि पुढे निघते. त्या वड्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो चांगलाच असतो. पण त्याने पनवेलची चव कळत नाही. पनवेलचं खरं खाणं थांबणाऱ्यासाठी आहे.

थांबलात तर सकाळी जुन्या गावात चालत फिरा. मिरची गल्लीत शिरलं की घशात ठसका बसतो. आगरी मसाल्याची मिरची निवडणाऱ्या बायका इथे देठ मोडून, वास घेऊन, दोन-तीन जातींचं प्रमाण बोटांवर मोजत उभ्या असतात, आणि त्यांना घाई केलेली चालत नाही. जवळच बेने इस्रायलींचं बेथ एल सिनेगॉग आहे, १८४९चं. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पनवेलकर हे आडनाव त्यांच्यातही आहे. एलियाहू हनाबीच्या नावाने ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुका मेवा, भोवती फळं. मांसाबरोबर दूध न चालणाऱ्या धर्माला कोकणातल्या नारळाच्या रसाने किती सहज सांभाळून घेतलं, याचा विचार मनात आला की मला या किनाऱ्याचा अभिमान वाटतो. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मलिद्याचे पोहे मात्र अजून कुठल्याही पनवेलच्या वाण्याकडे मिळतात, आणि तो घरी करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

गोव्याच्या रस्त्याला कर्नाळ्याचा सुळका मागे टाकला की तारा गाव. तिथे युसुफ मेहेरअली सेंटरचे ग्रामोद्योग आहेत. घाण्याचं तेल तिथलंच घ्यावं. परत येताना, पावसाचे दिवस असतील तर, रस्त्याच्या कडेला ठाकर-कातकरी बायका भाज्या घेऊन बसलेल्या असतात. मृगाच्या आधी शेवळं, सोबत त्यांची खाज मारायला काकडं. मग टाकळा, कुलू, भारंगी, कंटोळी. शेवळं कोळंबीत घातलेली ज्याने खाल्ली नाहीत त्याला मी पावसाळा पुरता भेटला असं मानत नाही. पण तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मला पोपटीकडे परत यायचं आहे, कारण सगळ्यांना शेत मिळणार नाही आणि तरीही ती करून पाहावी असं मला मनापासून वाटतं. गच्चीवर मडकं पेटवणं धोक्याचं, शेजाऱ्यांच्या घरात धूर जातो. फार्महाउसवाले थंडीत तयार पोपटी देतात. जरूर जावं, फक्त शेंगा कुठल्या शेतातल्या आहेत एवढं विचारावं. आणि घरच्या घरी करायची तर अशी करावी.

जाड बुडाची हंडी घ्या. शेंगा बाजारातून निवडूनच आणा. उरण नाक्यावरच्या एका मावशींनी मला सांगितलं होतं, “कवल्या नको घेऊ बाय, दाना भरलेली घे. न पानी नाय घालाचा.” दोन्ही सूचना सोन्यासारख्या आहेत. कोवळ्या शेंगेत दाणा नसतो, ती नुसतीच मऊ होते. शेंगा धुऊन निथळत ठेवा, पण कोरड्या करू नका; अंगावर राहिलेलं पाणी तेवढंच वाफेला पुरतं. भांबुर्डा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर तळाला केळीचं पान आणि त्यावर पानओव्याची भरपूर पानं अंथरा. तो पुष्कळांच्या गॅलरीत कुंडीत असतोच. बटाट्यांना चिरा देऊन त्यात कोथिंबीर, आलं, लसूण, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं यांचं वाटण भरा. कोंबडीला हळद, आलं-लसूण, लिंबू आणि आगरी मसाला लावून तासभर मुरवा, केळीच्या पानात बांधा. थर लावताना मीठ हात सैल सोडून घाला, कारण ते शेंगांच्या सालीवरच राहतं. सगळ्यात वर पुन्हा पाला. झाकणाच्या कडेला कणकेचा लेप द्या आणि सुरुवातीची पाच मिनिटं मध्यम, मग अगदी मंद आचेवर पाऊण तास ठेवा. अंडी यात फुटण्याची भीती असते, ती वेगळी उकडून शेवटी पाल्यात दहा मिनिटं पुरून ठेवली तर वास धरतात.

कोळशावर तूप सोडून धुंगार देतात तसा इथे देऊ नका. तुपाचा वास भांबुर्ड्याला झाकून टाकतो, आणि मग केलं काय नि न केलं काय. धूर नाही तर नाही. हंडीतली पोपटी शेतातल्या पोपटीची बरोबरी करणार नाही, हे मान्य करून करावी; पण शेंगेची गोडी, ओवा, मीठ आणि तो पाला एकत्र आल्यावर जे होतं ते दुसऱ्या कुठल्याही गावाचं नसतं. माझ्या इमारतीत बिहारचं एक कुटुंब आहे, केरळचं एक आहे. पोपटीच्या रात्री सगळ्यांच्या हातात शेंगा असतात आणि मुलं टरफलांचे ढीग मोजतात. इकडे पोपटीच्या निमित्ताने कविसंमेलनंही भरतात. हे रायगडचंच सुचणं आहे, आणि मला ते फार आवडतं: जाळ विझेपर्यंत कुणाला घरी जायचं नसतं, मग कविता ऐकायला याहून चांगला वेळ कोणता?

फेब्रुवारीच्या शेवटाला शेंगा जून होऊ लागतात. मार्चमध्ये त्या वेलीवरच वाळतात, मळणी होते आणि कडवे वाल डब्यात भरले जातात. तेव्हा बाजारात गेलात तर नव्या वालाचे दोन किलो घेऊन ठेवा. रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. ओलं खोबरं, गूळ, आमसूल घालून त्यांचं बिरडं करायचं. सोलायला दोन जणं असली तर काम पटकन उरकतं. पोपटीला जे शेजारी आले होते, त्यांनाच हाक मारा.