हातभर तार

नागपूर हें देशाच्या मध्यावर वसलेलें शहर आहे ही गोष्ट सर्वश्रुत आहे, आणि शून्य मैलाचा दगड दाखविल्यावांचून पाहुण्यास परत जाऊं न देण्याचा शिरस्ताही आम्हां नागपूरकरांनीं बराचसा पाळला आहे. परंतु या मध्यवर्तित्वाचा अनुभव ज्यांस नित्य येतो, ते लोक त्या दगडाकडे फिरकतही नाहींत. पूर्वीं ७ व ६ आणि आतां ४४ व ५३ या अंकांनीं ओळखले जाणारे दक्षिणोत्तर व पूर्वपश्चिम असे दोन राष्ट्रीय महामार्ग येथें एकत्र येतात. त्यांवरून रात्रंदिवस धांवणाऱ्या ट्रकांचे चालक हेच आमच्या शहराचे खरे नित्याचे पाहुणे होत. त्यांच्या रात्रीविषयीं, आणि त्या रात्रींत त्यांस सोबत करणाऱ्या आवाजाविषयीं, दोन शब्द लिहावे असें फार दिवसांपासून मनांत होतें.

घरीं निवांत बसून ऐकणाऱ्यास गाणें हा विलास आहे. रात्रीं दोन वाजतां ट्रक हांकणाऱ्यास तो आधार आहे. शेजारीं क्लीनर घोरत असतो, समोर दिव्यांच्या झोतांत तोच तो काळा पट्टा सरकत असतो, आणि इंजिनाचा एकसुरी आवाज अंगाईचें काम करीत असतो. अशा वेळीं दूर कोठें तरी आणखी कोणी जागें आहे, एवढी खूण माणसास हवी असते. कॅसेटमधील गाणें कितीही गोड असलें, तरी तें केव्हां तरी गाऊन ठेवलेलें. रेडिओवरचा निवेदक वेळ सांगतो, तेव्हां ती वेळ त्याची आणि ऐकणाऱ्याची एकच असते.

विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेविलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरत राहील व एका जागीं स्थिर असल्यासारखा भासेल, हा विचार आर्थर क्लार्क यांनीं १९४५ सालीं मांडला होता. त्याच तत्त्वावर वर्ल्डस्पेस या कंपनीचा एशियास्टार हा उपग्रह मार्च २००० मध्यें अंतराळांत गेला व १०५ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. शास्त्रीय संगीताची ‘गंधर्व’, जुन्या हिंदी चित्रगीतांची ‘फरिश्ता’ अशा त्याच्या वाहिन्या होत्या. आवाज इतका स्वच्छ, कीं मध्यम लहरींच्या खरखरीवर वाढलेल्या आमच्या कानांस तो प्रथम परकाच वाटला.

वाडीच्या एका वाहतूकदार स्नेह्यांच्या आवारांत ही पेटी ट्रकाच्या टेपास जोडण्याचा सोहळा आम्हीं पाहिला आहे. ट्रकास दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्टांचा दाब असतो. पेटीस त्याहून पुष्कळच कमी पुरतो. तेव्हां प्रथम दाब उतरविणारें साधन मध्यें बसविणें आलें. टेपास बाहेरून आवाज घेण्याचें द्वार नव्हतें. म्हणून कॅसेटच्या आकाराची, आंत फीत नसलेली आणि शेपटासारखी तार बाहेर आलेली अशी एक कॅसेट त्यांत घालण्यांत आली. इंजिन सुरू करतांच गाण्याखालीं गुरगुर येऊं लागली. तीही, पेटीची व टेपाची जमीन एकाच जागीं बांधल्यावर, बरीचशी निवाली. मिस्त्री हात पुसत मालकांस म्हणाला, “वरतून कितीबी येऊ द्या भाऊ, हे हातभर तार नाही लागली तं सारं मुकंच.” इतक्या दूरवरून आलेल्या सुरांचें भाग्य शेवटीं वाडीच्या मिस्त्र्याच्या पक्कडींत होतें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

परंतु खरी अडचण त्या तारेच्या पलीकडे होती. नागपुराहून पाहतां तो उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५० अंशांवर येतो. पेटीची तळहाताएवढी सपाट अँटेना त्या बाजूस तोंड करून ठेवावी, मध्यें झाड किंवा भिंत नसावी, मग गाणें यावें. आतां ट्रक तर वळणारच. फाटकाबाहेर पडून गाडी अमरावतीच्या रस्त्यास लागली, कीं पश्चिमेकडे तोंड होतांच गाणें तुटे. अमेरिकेंत एक्सएम व सिरियस या कंपन्यांनीं २००१-०२ पासून धांवत्या वाहनांसाठींच अशी योजना चालविली. छतावर बसणाऱ्या अँटेना आणि शहरांतून आवाज पुढें पोहोंचविणारे मनोरे त्यांनीं उभारले होते. आमच्याकडे आलेली पेटी मुळांत घराच्या गच्चीसाठीं होती. ढाब्यावर गाडी उभी करून बाजेवर पडलेल्यास ‘गंधर्व’ ऐकूं येई. ज्यास जागें राहावयाचें, त्यास मात्र नाहीं.

आणि त्याच काळांत, येथून फार दूर नव्हे तर बुटीबोरीस, १००० किलोवॅटांचा एक प्रक्षेपक उभा होता. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १८ मे १९८८ पासून त्यावरून रात्रभर बोलत असे. मध्यम लहरी रात्रीं आकाशांतील वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेंकडों किलोमीटर जातात. त्यांस ना दिशा लागे ना वर्गणी. मनसर सोडून खवाशाच्या जंगलांत शिरलेल्या गाडीसही, खरखरत कां होईना, तो आवाज गांठीत असे. एकांत शुद्धता होती, दुसऱ्यांत सोबत होती.

पुढें दोन्ही गेलीं. वर्ल्डस्पेसची भारतांतील सेवा २००९ च्या अखेरीस थांबली. राष्ट्रीय वाहिनी जानेवारी २०१९ मध्यें, काटकसरीच्या धोरणांत, बंद करण्यांत आली. पहिलीचे वर्गणीदार मोजतां येत होते, म्हणून तिची उणीव निदान बोलली तरी गेली. दुसरीचे श्रोते कोणीं मोजलेच नव्हते. आज चालकाच्या हातीं मोबाईल आहे, तारेवांचून गाणें टेपास जोडलें जातें, हें खरें. पण जंगलांत त्याचा संपर्क तुटतो आणि मग उरतें तें पुनः साठविलेलें गाणेंच.

आमचीं संत्रीं दिल्ली-कलकत्त्याच्या बाजारांत पोहोंचतात तीं कोणाच्या तरी जागरणावर. त्या जागरणास रात्रभर एक जिवंत आवाज पुरविणें हा खर्च काटकसरीच्या पहिल्या ओळींत बसवावा, इतका तो मोठा होता काय, हा प्रश्न ज्यांनीं हिशेब लिहिला त्यांस विचारण्याचा आमचा हक्क आहे. कारण त्या जागरणाचा माल आम्हींच खातों.