साठ हजारांचं घोडदळ, चार वाक्यं

मागच्या पावसाळ्यात एका रात्री, डिप्लॉयमेंट संपायची वाट बघत बसलो असताना, मी एक लेख उडवायला टाकला.

म्हणजे इंग्रजी विकिपीडियावर तो हटवण्याच्या चर्चेसाठी नोंदवला. सात दिवस लोक ‘ठेवा’, ‘हटवा’ म्हणत कारणं देतात आणि मग कुणीतरी अनुभवी सदस्य निकाल लावतो. लेख बाराव्या शतकातल्या एका किपचाक सरदारावर होता. जन्मसाल, मृत्यूचं साल, ६०,००० घोडदळ, तीन लढाया, सगळं जागच्या जागी. संदर्भ तीन. पहिला एका व्हिडिओ गेमच्या चाहत्यांच्या साइटचा. दुसरी लिंक मेलेली. तिसऱ्या साइटवर मजकूर तंतोतंत हाच, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट. पानाचा इतिहास उघडला (गिट लॉगच की तो), तर लेख आधीचा आणि साइट नंतरची. लेखाने स्वतःचीच साक्ष काढली होती.

टेस्ट पास होतायत, कारण टेस्टमध्येच उत्तर हार्डकोड केलंय, असं कोड रिव्ह्यूत सापडलं की जो आसुरी आनंद होतो, तोच झाला.

स्टेपवरच्या, म्हणजे त्या अफाट गवताळ पट्ट्यातल्या, मध्ययुगीन इतिहासात हे फार चालतं, कारण तिथे मोकळ्या जागा फार. किपचाकांनी स्वतःबद्दल जवळजवळ काहीच लिहून ठेवलं नाही. त्यांच्याबद्दल लिहिलं ते रूसच्या बखरकारांनी, बायझंटाइनांनी, हंगेरीवाल्यांनी; ज्यांची गावं जळली किंवा ज्यांना व्यापार करायचा होता त्यांनी. मंगोलांचा ‘गुप्त इतिहास’ त्यांचा स्वतःचा, पण तोही आपल्यापर्यंत आला चिनी अक्षरांत मंगोल उच्चार लिहिलेल्या प्रतीतून. अशा ठिकाणी ‘६०,०००’ असा गोल आकडा दिसला, की पहिला प्रश्न, मोजलं कोणी?

मेर्वचंच बघा. १२२१ मध्ये मंगोलांनी हे शहर उद्ध्वस्त केलं. जुवैनी सांगतो की काही लोकांनी तेरा दिवस, तेरा रात्री प्रेतं मोजली आणि ती १३ लाखांवर गेली. इब्न अल-अथीर म्हणतो ७ लाख. जुवैनीचा जन्म १२२६चा, त्यामुळे हे सगळं त्याला ऐकीव, आणि पुढे तो मंगोलांच्याच चाकरीत होता. १३ लाख भागिले तेरा दिवस, म्हणजे रोज एक लाख, न झोपता सेकंदाला एकापेक्षा जास्त. कत्तल झाली, भयानक झाली, यात शंका नाही. आकडा मात्र त्या भयाचा आहे, मोजणीचा नाही.

हे शहाणपण मला उशिरा आलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी मराठी विकिपीडियावर बेधडक लिहिलं होतं, ‘मेर्वमध्ये १३ लाख लोक मारले गेले.’ जुवैनीचं नाव नाही, संदर्भ नाही. पाचेक वर्षांनी तेच वाक्य, माझ्याच पुढच्या भरजरी वाक्यासकट, घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन आलं. मामाला फोन करून सांगितलं, “मामा, हे मीच लिहिलंय.”

“अरे, मग तर खरंच असणार!” मामा म्हणाला.

तर, किपचाक सरदार. चौथ्या दिवसापर्यंत पाच जण ‘हटवा’ म्हणाले होते. मग लेख लिहिणारा आला. कझाख होता. म्हणाला, आमच्यात सात पिढ्यांची नावं तोंडपाठ असावी लागतात. शेजिरे म्हणतात त्या वंशावळीला. माझे आजोबा किपचाक, त्यांच्या शेजिरेत हा माणूस आहे. अल्माटीत छापलेल्या एका पुस्तकातही आहे, ते नेटवर नाही. तुला कझाख वाचता येत नाही, म्हणून तो झालाच नाही का?

मला चटकन उत्तर सुचलं नाही. सभासदाची बखर नेटवर नसती आणि कुणी परक्याने मला हेच विचारलं असतं तर? नियम तसा उदार आहे. संदर्भ कुठल्याही भाषेतला चालतो, कागदावरचाही चालतो, फक्त कुणाला तरी तो तपासता आला पाहिजे. मी त्याच्याकडे प्रकाशनाचं साल, पान नंबर आणि फोटो मागितला. दोन दिवस काहीच नाही. मग सिरिलिक लिपीतल्या एका पानाचा फोटो आला, कडेला अंगठा दिसत होता.

फोनवरच्या भाषांतराने जेमतेम अर्थ लागला. पुस्तकात सरदार होता. एक परिच्छेद, शेजिरेच्या हवाल्याने. बापाचं नाव, टोळीचं नाव, एक लढाई. जन्मसाल नव्हतं. ६०,००० नव्हते.

मी माझी मागणी मागे घेतली, कारण लिहिलं, आणि दोघांनी मत बदललं. लेख राहिला. मग नऊ परिच्छेदांतलं जे पुस्तकात नव्हतं ते मीच काढलं, ‘शेजिरेनुसार’ असं सुरुवातीला घातलं. चार वाक्यं उरली.

त्याने चर्चापानावर एवढंच विचारलं, “इतकाच उरला का?”

मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि तीनदा खोडलं. त्याच रात्री मराठीतला मेर्वचा लेख उघडून ‘जुवैनीच्या म्हणण्यानुसार’ घातलं, शेजारी इब्न अल-अथीरचे ७ लाख ठेवले आणि भरजरी वाक्य उडवलं.

फेब्रुवारीत मामाचा पुन्हा तोच फॉरवर्ड आला. आता १५ लाख झालेत.