फॅरलॉनचे उंदीर

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम टोकाला, लँड्स एंडच्या पायवाटेवर उभं राहिलं की वर्षातले बरेच दिवस समोर फक्त धुकं असतं. पण एखाद्या लख्ख सकाळी क्षितिजावर काळे सुळके दिसतात. ही फॅरलॉन बेटं. गोल्डन गेटपासून साधारण ४५ किलोमीटर लांब, तरीही कागदोपत्री शहराच्याच हद्दीत. पोस्टडॉक म्हणून इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी त्यांना लांबवर उभी असलेली जहाजं समजत होते.

या बेटांवर आपल्याला उतरता येत नाही. तीन लाखांहून अधिक समुद्रपक्षी तिथे घरटी करतात, अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेतली ही सर्वांत मोठी वसाहत. १९६८ पासून तिथे संशोधक राहतात. त्यांनाही धक्का नसल्यामुळे होडीतून क्रेनला लटकवलेल्या जाळीत उभं राहून वर जावं लागतं.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो उंदरांमुळे. २०२१ साली सरकारच्या वन्यजीव खात्याची एक योजना चर्चेत होती: मुख्य बेटावर हेलिकॉप्टरमधून ब्रोडिफॅकम हे उंदीर मारायचं विष टाकायचं आणि झाडून सगळे उंदीर संपवायचे. हे विष रक्त गोठू देत नाही. प्राणी आतल्या आत रक्तस्राव होऊन काही दिवसांनी मरतो. विषारी उंदीर खाऊन सीगलही मरणार, म्हणून त्यांना आवाज करून हाकलत ठेवायचं, असंही योजनेत होतं. एका मैत्रिणीने विरोधाचा अर्ज पाठवला. मी वाचला, संतापले आणि सही केली. तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मंगळवारी मी उंदीर मारते.

आमची प्रयोगशाळा मधुमेहावर काम करते. पिंजऱ्यावरचं कार्ड वाचायचं, नंबर जुळवायचा, कार्बन डायऑक्साइडचा नळ हळूहळू उघडायचा, श्वास थांबला की खात्री करून घ्यायची, मग स्वादुपिंड काढायचं. किती उंदीर, कशासाठी, याला समितीची लेखी मंजुरी असते. मी हे काम नीट करते, आणि नवीन आलेल्यांना शिकवतेही. त्या मंगळवारी नळावर हात ठेवल्यावर आठवलं की फॅरलॉनवरचा उंदीर म्हणजे हाच प्राणी. मस मस्क्युलस. आमचे काळे, बेटावरचे करडे, एवढाच फरक.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे योजनेचा अहवाल वाचला.

बेटावर मुळात उंदीर नव्हते. एकोणिसाव्या शतकात माणसं आली, त्यांच्या जहाजांतून हे आले. शरद ऋतूत त्यांची संख्या इतकी वाढते की एकरी चारशे-पाचशे उंदीर होतात. त्याच सुमाराला स्थलांतर करणारी बिळातली घुबडं बेटावर टेकतात. एरवी ती पुढे गेली असती, पण पुढ्यात एवढं ताट वाढलेलं असताना कोण जातं? हिवाळ्यात उंदरांची संख्या कोसळते. नेमके तेव्हाच ॲशी स्टॉर्म पेट्रेल घरट्यांकडे परतू लागतात, आणि उपाशी घुबडं त्यांच्यावर वळतात. हा राखाडी पक्षी जेमतेम चाळीस ग्रॅमचा. वर्षाला एकच अंडं घालतो. जगातले जवळजवळ निम्मे पेट्रेल याच बेटांवर आहेत. उंदीर त्यांना क्वचितच हात लावत असतील, पण त्यांच्यामुळे घुबडं थांबतात. आणि ती घुबडंही पुष्कळदा तिथेच मरतात.

व्हिसावर राहणाऱ्या माणसाला ‘बाहेरून आलेली आक्रमक प्रजाती’ हे शब्द टोचतात, हे कबूल करते. टॅक्सच्या फॉर्मवर मीही काही वर्षं ‘एलियन’च होते. माझ्या सहीत थोडा हाही भाग असावा. शिवाय दर भाद्रपदात ज्याच्या पायाशी मूषक असतो त्याला मोदक दाखवणारी मी! पण उंदीर म्हणजे मी नव्हे. असा विचार करणं म्हणजे पेट्रेलच्या जिवावर स्वतःचं दुःख साजरं करणं.

रविवारी बाबांना वेंगुर्ल्याला फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलं. त्यांना उंदरांपेक्षा अंड्यांच्या गोष्टीत रस वाटला. १८४९ नंतर सोन्याच्या मागे लोकांचे लोंढे सॅन फ्रान्सिस्कोत आले आणि शहरात कोंबड्या नव्हत्या. मग फॅरलॉनवरच्या मर पक्ष्यांची अंडी आणून विकायला सुरुवात झाली. (हे इंग्रजी नाव मराठीत फारच अपशकुनी आहे, पण माझा इलाज नाही.) हंगामाच्या सुरुवातीला गोळा करणारे आधी बेटावरची सगळी अंडी फोडून टाकत, म्हणजे नंतर सापडतील ती ताजीच. या धंद्यावरून १८६३ मध्ये बेटावर गोळीबार झाला, माणसं मेली. १८८१ मध्ये सरकारने अंड्यांच्या कंपनीला हाकललं. लाखांनी असलेले मर विसाव्या शतकात काही हजारांवर आले होते.

“आपल्याकडे तरी काय वेगळं,” बाबा म्हणाले, “वेंगुर्ल्याच्या खडकांवरून पाकोळ्यांची घरटी नाही का चोरून न्यायचे? सूप करायला म्हणे.” मग थोडं थांबून, “तुझी आजी पिंजऱ्यातला उंदीर पलीकडच्या वाडीत नेऊन सोडायची. पाप नको म्हणून. पलीकडच्या वाडीतले आपल्याकडे सोडायचे.”

“बाबा, मी सही केलीय. विषाच्या विरोधात.”

“आणि तू स्वतः?”

मी प्रयोगशाळेतलं सांगायला लागले. समिती, मंजुरी, वेदना कमीत कमी. ते ऐकत राहिले. आजीच्या पिंजऱ्यापेक्षा माझा पिंजरा स्वच्छ आहे, एवढंच त्यातून निघत होतं.

त्या डिसेंबरात किनारपट्टी आयोगाने योजनेला मंजुरी दिली. माझी सही मी मागे घेतली नाही. घेता येते का, हेही पाहिलं नाही. आज विचाराल तर, एकही उंदीर मागे न ठेवणारा दुसरा उपाय मला दिसत नाही. उंदरांची पिल्लं होऊ न देणारं औषध वापरा, असं विरोधक सांगत होते. ते मला पटावं असं फार वाटत होतं. पण चार उंदीर उरले की पुन्हा चारशे होतात, हे मला कोणी शिकवायला नको. विष टाका असंच मी म्हणेन. पण रात्री अकराला केलेल्या सहीइतक्या सहज नाही.

पुढच्या जूनमध्ये बोटीने बेटाला वळसा घालून आले. जाऊन-येऊन आठ तास, त्यातले तीन कठड्याला धरून ओकण्यात. बेट दिसण्याआधी त्याचा वास आला, विष्ठेचा, तिखट, डोळ्यांत जाणारा. मग आवाज. आणि मग मर: काळ्या पाठीचे, पांढऱ्या पोटाचे, कड्यावर खांद्याला खांदा लावून, लोकलच्या डब्यासारखे. इतके, की खडकाचा रंग कळेना.

घरी आल्यावर बाबांचा फोन.

“तो तुझा राखाडी पक्षी दिसला?”

“नाही. तो रात्रीच बेटावर येतो.”

“उंदीर?”

“तेही नाही.”

“मग आठ तास काय बघितलंस?”

“मर,” मी म्हणाले. पलीकडे क्षणभर शांतता. मग मला समजावून सांगावं लागलं.