सातशे रुपयांचा उजेड

भाऊबीजेला बहिणीबरोबर भाचा आला तो काखोटीला खोका मारूनच. नवा कीबोर्ड, सातशे रुपयांचा, खालून दिवे लागणारा. जुन्या कॉम्प्युटरला त्याने तो जोडला, ट्यूब बंद केली, आणि अकोल्याच्या आमच्या घरातली मधली खोली आधी निळी, मग लाल, मग जांभळी झाली. "कसाय?" त्याने विचारलं. आम्ही सख्खी-चुलत मिळून चौघं भावंडं तिथे होतो, पण बघायला लागलो ते नानांकडे. या विषयावर आमच्या घरात पहिलं बोलायचा मान त्यांचा.

नानांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि दोन्ही तर्जन्या बटणांवरून फिरवल्या. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, तेवढेच ते शोधत होते. सापडले. "खुणा बऱ्या आहेत," म्हणाले. "दिव्यांचं तुम्ही बघा."

भाचा हिरमुसला. त्याने कंदील धरलेला नव्हता.

नाना, आमचे चुलते, तहसील कचेरीबाहेर टायपिंग करायचे. मशीन गोदरेजचं, मराठी. गोदरेज 1955 पासून टाइपरायटर बनवत होतं. आमचं त्यातलं बरंच नंतरचं, पण आमच्याकडे आलं ते दुसऱ्याच्या हाताखालून निघूनच. घाटघर, रतनवाडीकडची माणसं पावसाळ्यात पिशवीत गुंडाळलेले, तरी ओले झालेले कागद घेऊन यायची. परतीची एसटी चुकली तर मुक्काम. म्हणून त्यांची कामं दिवसा, आणि वकिलांची लांबलचक प्रकरणं रात्री घरी.

आणि रात्री लाइट जायची. 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण आमच्याच तालुक्यात, त्याच्या पायथ्याशी वीजही तयार होते, पण अकोल्यातली लाइट जायची ती जायचीच. आजीने राखेने काच पुसून कंदील तयार ठेवलेला असायचा. तो धरायची आम्हा चौघांची पाळी ठरलेली, दोन-दोन पानांची. थोरला काटेकोर, त्याच्या पाळीत पान सरळ जायचं. धाकटीला झोप यायची आणि कंदील हळूहळू खाली यायचा.

एकदा माझी पाळी होती. नानांची बटणं अंधारात होती, त्यांना दिसावीत म्हणून मी कंदील मशीनकडे झुकवला. खटखट थांबली. "बटणं वाचायची आहेत का आपल्याला? कागदावर धर."

कंदील हवा होता तो शेजारच्या मसुद्यावर, वकिलाच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरावर. त्यातली ओळ संपली की नाना नुसतं "हं" म्हणत आणि आम्ही कंदील बोटभर खाली घ्यायचो. हात अंधारातच चालायचे. मशीनमध्ये एक वरचा कागद आणि चार कार्बन असले की बटण नुसतं दाबून भागत नसे, हाणावं लागे. शेवटची प्रत फिकी आली तर सगळं पान पुन्हा. मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांच्या सरकारी परीक्षा नानांनी दिल्या होत्या. तयारी करताना, ते सांगायचे, क्लासचे सर हातांवर पुठ्ठा धरायचे. बटणांकडे बघणं म्हणजे कॉपी करणं.

घरात कॉम्प्युटर आला तो 2006 चा वनहक्क कायदा लागू झाल्यावर. दाव्यांच्या अर्जांची रीघ लागली, मजकूर बराचसा सारखाच, नाव-गाव-गट नंबर तेवढे बदलायचे. त्याला मशीन पुरेना. संगमनेरहून जोडून आणलेल्या त्या कॉम्प्युटरबरोबरचा कीबोर्ड अगदी साधा, घमेल्यासारखा वाजणारा. उतारवयात नाना नवी मांडणी शिकले. इनस्क्रिप्टमध्ये एफवर ऱ्हस्व वेलांटी आणि जेवर र, म्हणजे दोन्ही खुणांवर रोजच्या कामाची अक्षरं, यावर ते खूश होते. नाखूश होते ते लाइटवर. लाइट गेली तर मशीन अडत नव्हतं; हा मात्र अर्ध्या पानावर डोळे मिटायचा आणि पान घेऊन जायचा. पहिल्या महिन्यात असे सात-आठ अर्ज गेले असतील. मग यूपीएस घेतला. ती बॅटरी कधीच मेली.

आत्या शिक्षिका. एमएससीआयटी झाली नाही तर वेतनवाढ अडणार, म्हणून ती याच कीबोर्डावर शिकली. बटणांवर तिने मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. नाना त्याला "देवाला डोळे बसवणं" म्हणायचे.

तर भाऊबीजेच्या रात्री आम्ही नव्या कीबोर्डाची परीक्षा घ्यायला बसलो. स्पेसबारच्या दोन्ही टोकांवर दाबून पाहिलं. डावीकडे थोडा खडखडला. शिफ्ट धरून दोन-तीन बटणं एकदम दाबली. एक अक्षर गिळलं. बटणाखाली तेच जुनं रबर, बोटाला थोडं घट्ट लागणारं. अक्षरांची मात्र गंमत आहे. बटण पांढुरक्या प्लास्टिकचं, वरून काळा रंग, आणि तो रंग लेसरने जाळून अक्षर काढलेलं. खालचा उजेड तेवढ्या फटीतून वर येतो. म्हणजे जिथे नख रोज पडतं तिथला रंग गेला की अक्षर फुगणार, आणि शेवटी ए-च्या जागी नुसता उजेडाचा ठिपका उरणार. दिवे बंद करायला स्क्रोल लॉकचं बटण. आमच्या अख्ख्या पिढीने त्या बटणाला कधी बोट लावलं नव्हतं, त्याला म्हातारपणी नोकरी मिळाली.

मराठी अक्षरं मुळात नव्हतीच. धाकटीने आत्याचे उरलेले स्टिकर शोधून काढले आणि एक चिकटवून पाहिला. क दिसला, दिवा बुजला. बटणाच्या चारी कडांनी मात्र जांभळा उजेड सांडत राहिला.

तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्युटर बंद, त्याच्याबरोबर सातशे रुपयांचे दिवेही बंद. क्षणभर कुणी बोललं नाही, मग थोरला अंधारातच म्हणाला, "हं." आणि आम्ही चौघं जे हसायला लागलो, त्यात भाच्याला काहीच कळेना. बहिणीने मोबाइलचा टॉर्च लावला. तो कागदावर धरायला कागदच नव्हता.

लाइट आल्यावर निकाल लावला. बटणांचे साडेचारशे ठीक, दिव्यांचे अडीचशे वाया. यावर आत्या इतका वेळ गप्प होती ती बोलली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तिला संध्याकाळी काळ्या बटणावरचं पांढरं अक्षर धड लागत नाही. या उजेडात इंग्रजी अक्षरं तिने भराभर वाचून दाखवली, पेन्शनच्या कामाला लागणारा पासवर्ड एका दमात टाकला, आणि नानांना म्हणाली, "तुम्हाला नसतील लागत वाचायला. मला लागतात."

नाना काही बोलले नाहीत. कीबोर्ड आत्याकडे गेला. निळा तिच्या डोळ्यांना खुपतो, म्हणून लाल दिव्यावर ठेवलाय.