शंभरातले आठ

एका जपानी मालिकेच्या पहिल्याच भागात एक मुलगा शाळेच्या कँटीनमध्ये ताट मागतो. भाजलेल्या मांसाचं ताट, पण मांस नको. मग उरतं काय, तर भात, मिसो सूप आणि लोणचं. ताट मात्र बरंच स्वस्त पडतं. ते मागताना तो लाजत नाही, आवाजही खाली आणत नाही. टेबलाशी बसतो आणि खाता खाता परीक्षेचा पेपर पुन्हा पाहू लागतो.

मी भाचीच्या हातातला मोबाइल थांबवला आणि तिला म्हटलं, हा पोरगा आमच्या मोताळ्याचा आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत धामणगाव बढे, रोहिणखेड, पिंपळगाव देवी अशा बाजूंनी एसटीने येणारी मुलं होती. भाकर फडक्यात बांधून आणायची आणि स्टँडजवळच्या हॉटेलात नुसती तर्री मागायची. आलूबोंडा नको, फक्त तर्री. हॉटेलवाला वाटी भरून द्यायचा. कोपऱ्यात बसून भाकर कुस्करणारी, एका हाताने भूगोलाचं पुस्तक उघडं धरून ठेवणारी ती मुलं मी रोज पाहिली आहेत. जपानमधल्या कुणाला तेच ताट सुचलं, एवढ्यावरच मी त्या मालिकेची झाले.

मालिकेचं नाव ‘द क्विन्टेसेन्शियल क्विन्टुप्लेट्स’. नेगी हारुबा यांची ही चित्रकथा ‘वीकली शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात 2017 ते 2020 या काळात आली, 14 खंडांत पुरी झाली. 2019च्या सुरुवातीला तिची ॲनिमे मालिका आली, 2021मध्ये दुसरा भाग आणि 2022मध्ये शेवट सांगणारा चित्रपट. गोष्ट थोडक्यात अशी: फूतारो उएसुगी हा अकरावी-बारावीच्या वयाचा मुलगा. घरात कर्ज, लहान बहीण, वर्गात मात्र पहिला. त्याला शिकवणीचं काम मिळतं, पगार बाजारभावाच्या पाचपट. शिकवायचं आहे पाच बहिणींना. पाचही एकाच वेळी जन्मलेल्या, चेहरे एकसारखे आणि अभ्यासाचा पाचहीजणींना सारखाच तिटकारा. इचिका, निनो, मिकु, योत्सुबा, इत्सुकी. मास्तर आणि विद्यार्थिनी एकाच वर्षात शिकतात.

भाची तेव्हा दहावीला होती. 2021चा उन्हाळा. शाळा बंद, आणि एप्रिलमध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाल्याची बातमी आली. वर्षभर जिची धास्ती घेतली ती परीक्षा नाहीशी झाल्यावर मुलीने करायचं काय? ती माझ्याकडे मोताळ्याला राहायला आली होती आणि परीक्षेच्या तयारीवरची ही गोष्ट पाहत बसायची. मी स्वयंपाकघरातून येता-जाता बघू लागले, मग तिच्या शेजारीच बसू लागले.

सुरुवातीलाच फूतारो पाचहीजणींची चाचणी घेतो. गुण येतात 12, 20, 32, 8 आणि 28. बेरीज बरोबर शंभर. पाचजणी मिळून एक पूर्ण पेपर. भाची हसली. मला मात्र माझ्या आईच्या घरची ओसरी दिसली.

त्या ओसरीवर मी शाळकरी वयातच शिकवायला लागले. खालच्या वर्गातल्या मुलांकडून महिन्याचे थोडे पैसे मिळत, त्यातून माझी पुस्तकं आणि परीक्षेचा फॉर्म भागायचा. ज्यांच्याकडे रोख नसे, त्यांचे पैसे कापूस विकल्यावर यायचे. कुणाच्या घरून जवारी यायची. वेचणी सुरू झाली की ओसरी रिकामी पडायची. मुली पहाटेच वावरात जायच्या आणि संध्याकाळी बोटांना बोंडांचे ओरखडे घेऊन पाटीशी बसायच्या. माझ्याच वर्गातल्या मैत्रिणीही यायच्या, त्यांच्याकडून पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण खरी कठीण शिकवणी तीच. लहान पोरावर डोळे वटारता येतात. बरोबरीची मैत्रीण ऐकेल कशाला?

फूतारोची अडचण तीच आहे. निनो तर पहिल्याच भेटीत त्याच्या पाण्यात झोपेचं औषध घालून त्याला घरी पाठवून देते. त्याच्या हाती छडी नाही, वय नाही, नात्याचा मान नाही. त्याला प्रत्येक मुलीपाशी वेगळी वाट काढावी लागते. मिकुला सेनगोकू काळातले, म्हणजे जपानच्या यादवीतले सरदार आवडतात आणि ती ते सगळ्यांपासून लपवते. त्यावर ती त्याला प्रश्न विचारते तेव्हा वर्गात पहिला येणारा हा मुलगा हरतो. मग तो वाचनालयात जाऊन त्या सरदारांवरची पुस्तकं वाचून काढतो आणि पुन्हा तिच्यासमोर उभा राहतो. शिकवायच्या आधी शिकून येतो.

माझ्या एका मैत्रिणीला अपूर्णांक दिसले की रडू फुटायचं. वहीवर 3/2 लिहिलं की ती पेन्सिल खाली ठेवायची. “मले हे येतच नाई व, सोड तू.” तिच्या घरचं किराणा दुकान होतं. एकदा मी साखर आणायला गेले तर ही गल्ल्यावर. गिऱ्हाइकाने दीड किलो शेंगदाणे मागितले, भाव चोवीस. तिने वजन टाकलं आणि काटा स्थिर व्हायच्या आत म्हणाली, “छत्तीस.” मी बघतच राहिले. दुसऱ्याने सव्वा किलो काहीतरी घेतलं, त्याचाही हिशेब तिने तोंडीच सांगितला. तिच्या आजोबांनी तिला पावकी, निमकी, सवाईकी, दिडकी सगळं पाठ करवून घेतलं होतं. ते पाढे त्यांच्या काळच्या शाळेत होते, आमच्या पुस्तकातून कधीच गेले होते. मग मी आजोबांसमोर बसून दिडकी ऐकून घेतली. आणि दुसऱ्या दिवशी वहीवर 3/2 लिहून तिला एवढंच विचारलं, “दुकानात याले काय म्हनतं तू?” तिने आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “दीड?” मग तिने मागची पानं उलटून आपल्या चुकलेल्या उदाहरणांवर एकेक करून बोट ठेवलं. “हे सव्वा. हे पाऊण. हे अडीच.” त्या दिवशी ती घरी जायलाच तयार नव्हती.

तेव्हापासून मी मुलांच्या चुका वाचायला लागले. एकजण पायरीन् पायरी बरोबर लिहायची पण गणितच उतरवून घेताना आकडा बदलायचा, कारण तिला फळा नीट दिसत नव्हता आणि घरी सांगायची सोय नव्हती. एकीला कंसाबाहेरचं उणे चिन्ह कधीच आत नेता आलं नाही. नाव न लिहिलेल्या वह्यांचा गठ्ठा पुढे आला तर कुठली कुणाची ते मी चुकांवरून सांगू शकले असते. त्या मालिकेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: या पाच एकसारख्या मुलींमधली कोण कुठली, हे प्रेम असेल त्यालाच ओळखता येतं. फूतारोला सुरुवातीला ते जमत नाही. शिकवता शिकवता जमायला लागतं. मला हे अगदी खरं वाटतं. ज्याच्या चुकांचं कारण आपल्याला कळलेलं असतं, तो माणूस दुसऱ्या कुणासारखा दिसतच नाही.

आपल्याकडे शिकवणारा पुरुष आणि शिकणारी मुलगी अशी जोडी म्हटली की आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी आठवतात. 1874मध्ये त्यांचं लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तिला शिकवू दिलं पाहिजे ही गोपाळरावांची अटच होती. 1886मध्ये ती अमेरिकेत डॉक्टर झाली. पण अभ्यासासाठी तिने मारही खाल्ला, आणि पुढे परदेशातून लिहिलेल्या पत्रात तिने तो नवऱ्याला स्पष्ट शब्दांत आठवून दिला. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910मध्ये लिहिल्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवत आणि घरातल्या बायका त्यासाठी त्यांना टोचून बोलत, हे त्या पुस्तकात पानोपानी आहे. या माणसांविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे. पण त्या शिकवणीत एकजण कायम वर बसलेला होता, आणि दुसरीला ‘मला नाही शिकायचं’ म्हणायची मुभा नव्हती. ‘आनंदी गोपाळ’ हा चित्रपट 2019च्या फेब्रुवारीत लागला, त्याच आठवड्यांत तिकडे या पाच बहिणी आपल्या मास्तरला दाराबाहेर काढत होत्या. मला हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहायला आवडतं. दार लावून घ्यायचा हक्क असलेली मुलगी जेव्हा ते आपणहून उघडते, तेव्हा तिच्या शिकण्याला वेगळीच धार येते.

मालिकेतलं सगळंच मला पटतं असं नाही. मुलींकडे पाहण्याची कॅमेऱ्याची नजर काही ठिकाणी मला मुळीच मान्य नाही, आणि ते मी भाचीला तिथल्या तिथे सांगितलं. तिलाही ते आवडलेलं नव्हतं. ती ती दृश्यं पुढे ढकलायची.

या ॲनिमे मालिकेचा 2019चा पहिला हंगाम काढला तो तेझुका प्रॉडक्शन्सने. म्हणजे चित्रकथाकार ओसामू तेझुकांची संस्था. याच तेझुकांनी 1972 ते 1983 या वर्षांत गौतम बुद्धाचं आयुष्य चित्रकथेत रेखाटलं. मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूरचा घाट लागतो, तो अजिंठ्याच्याच डोंगररांगेतला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात राजपुत्र सिद्धार्थाच्या शाळेचा प्रसंग रंगवलेला आहे. रंग बरेच उडालेत, तरी शिकायला बसलेली मुलं ओळखू येतात. भाचीला मी ते दाखवून आणलं. ती त्या भिंतीपुढे बराच वेळ थांबली.

प्रेमाचं म्हणाल, तर आमच्या वेळी मोताळ्यात मुलगा-मुलगी एका वहीवर डोकं घालून बसणं शक्य नव्हतं. अकरावीपासून मी रोज मलकापूरला जायचे. भौतिकशास्त्र मला जड जायचं, आणि वर्गातल्या एका मुलाला इंग्रजी. त्याची बहीण माझ्याबरोबर एसटीत असायची. तिच्या हातून एक वही जायची आणि यायची. डाव्या पानावर माझी न सुटलेली उदाहरणं, उजव्या पानावर त्याचे निबंध. तो माझ्या चुकीवर कधी फुली मारत नसे. जिथे वाट सोडली तिथे पेन्सिलीने बारीक टिंब ठेवायचा आणि पुढचं मलाच करू द्यायचा. मीही त्याच्या निबंधात तसंच करू लागले. दोन वर्षं ही वही फिरली. अभ्यासाबाहेरचा एक शब्दही त्यात कुणी लिहिला नाही. पण त्याचा सात कसा असतो, घाईत असला की समीकरण कसं तिरकं उतरतं, कुठल्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं, हे सगळं मला कळायचं, आणि माझंही त्याला कळत असणार. बारावीनंतर तो पुण्याकडे गेला. वही पुढे रद्दीत गेली. ते प्रेम होतं, असं आज मी निःसंकोच म्हणते. त्या वयात एवढ्या काळजीने मला दुसऱ्या कुणी वाचलं नव्हतं.

म्हणून शेवटाबद्दल भाचीशी माझा वाद झाला. गोष्ट सुरू होते तीच लग्नाच्या दिवसापासून, आणि नवरी पाचांपैकी कोण हे शेवटपर्यंत सांगत नाहीत. भाची मिकुच्या बाजूची. मिकुने मेहनत घेतली, स्वतःला बदललं, तिलाच मिळायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. नवरी निघते योत्सुबा. पहिल्या चाचणीत आठ गुण मिळवणारी. पूर्वी फूतारो आणि ती लहान असताना क्योतोच्या सहलीत भेटलेले असतात. दोघंही तेव्हा गरीब. खूप शिकायचं, घरच्यांना सुख द्यायचं, असं एकमेकांना कबूल करतात. तो शब्द पाळतो. तिला झेपत नाही, ती आधीच्या शाळेत नापास होते, आणि तिच्यासाठी बाकीच्या चौघी ती शाळा सोडतात. त्या लाजेपोटी ती त्याला आपली ओळखच देत नाही, बाकीच्यांसाठी धावत राहते. भाचीला हे दुबळेपण वाटलं. मी तिला म्हटलं, ओसरीवर बस, मग कळेल. शब्द पाळता न आलेली मुलगी रोज वेळेवर येऊन पाटीशी बसते, तेव्हा ती काय उचलून आणत असते ते पाढे पाठ असणाऱ्याला सहज दिसत नाही. फूतारोला ते दिसलं, म्हणून तो मला मास्तर म्हणून मोठा वाटतो.

भाची आता बुलढाण्याला कॉलेजात आहे आणि संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलांची शिकवणी घेते. परवा तिने एका मुलाच्या वहीचा फोटो पाठवला. 1/2 अधिक 1/3, उत्तर 2/5. पानभर असंच. “मावशी, कितीदा सांगितलं, ऐकतच नाही.” मी तिला विचारायला सांगितलं की तू हे कसं करतोस. रात्री तिचा फोन आला. मुलगा म्हणाला होता, पहिल्या प्रश्नात दोनपैकी एक मिळाला, दुसऱ्यात तीनपैकी एक, तर मिळून पाचपैकी दोनच ना? बाई पेपरावर असेच गुण मिळवतात. आम्ही दोघी क्षणभर गप्प झालो, कारण गुणांच्या बाबतीत तो शंभर टक्के बरोबर आहे.

आता त्याला या दोन बेरजा वेगळ्या कशा दाखवायच्या, यावर आमचं एकमत झालेलं नाही. ती म्हणते भाकरीचे तुकडे करून पुढे ठेवते. मी म्हणते भाकर नको, त्याला आधी कागदाच्या पट्टीवर अर्धा हिस्सा मोजायला लाव, मग पुढे तिसरा हिस्सा. त्या मुलाला क्रिकेटचं वेड आहे असं आज कळलंय. षटकं आणि चेंडूंपासून सुरुवात करता येईल का, ते उद्या ती करून बघणार आहे.